पाचव्या झुडपाखालचं पाडस

पाडस मी उचललं होतं. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. सहा वर्षं झाली. कतारमधल्या एका हरणाच्या पिल्लाची चौकशी करायला कोण येणार? पण मामांबद्दल काही लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. नाहीतर पुढे त्यांच्याबद्दल मी जे चांगलं चांगलं लिहीन, ते लिहिण्याचा मला काही हक्क राहणार नाही.

मामा माझे मामा नव्हेत. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या भागातले ते. बताक्यावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, त्यांचं भलंमोठं नाव होतं, पण बरवा अल बराहा या कामगार वस्तीतल्या खोलीत पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'मामा' म्हटलं आणि ते चिकटलं. पुढे मझऱ्याचा, म्हणजे ज्या शेतावर ते राहायला गेले त्याचा मालकही त्यांना मामाच म्हणू लागला. त्या मालकाला सगळे अरबाब म्हणत. त्याला वाटायचं, मामा हेच त्यांचं खरं नाव. "मामा, कुल्लू तमाम?" असं तो गाडीची काच खाली करून विचारायचा. "तमाम, अरबाब, तमाम," मामा म्हणायचे, आणि गाडी गेली की माझ्याकडे वळून, "ह्येच्या बापाला आमची बहीन दिली न्हाई, तरी मामा म्हनतोय."

मी एसीवाला. नाशिकचा, इथे वीस वर्षं. आमच्या कंपनीकडे मझऱ्याच्या कूलिंगचं काम होतं. शहानियाच्या रस्त्याला आत वळलं की उंट, ससाणे, खजुराची रांग, आणि सगळ्यात मागच्या कोपऱ्यात आठ तांबडी हरणं. अरबाब तरुणपणी कुठल्यातरी थंड देशात शिकायला होता. तिथं त्याने ती धुक्यात उभी पाहिली आणि मनात घेतली. पैसा आल्यावर एक नर आणि सात माद्या विमानाने आणवल्या. त्यांच्यासाठी अर्ध्या कुंपणावर सावलीची जाळी, तीन बाजूंनी बंद शेड, शेडला डेझर्ट कूलर आणि वरून बारीक फवारे. ते फवारे आणि कूलर माझे. दर शनिवारी, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, मी अल अझीझियाच्या घरून तिकडे जायचो.

मामा तिथं हरणांसाठी आलेच नव्हते. ते पाण्याचा टँकर चालवायचे. पहिल्या उन्हाळ्यात ती हरणं कुणाच्या जवळ यायची नाहीत. युरोपातून डॉक्टर बोलावला, त्याच्याही नाहीत. पण मामांचा टँकर फाटकातून वळला की आठच्या आठ कुंपणाला येऊन उभी. पाण्यासाठी येत असतील असं सगळ्यांना वाटलं. मग एकदा अरबाबने पाहिलं की टँकर रिकामा आहे, मामा नुसतेच सावलीला बसून भाकरी खातायत, आणि माद्या चार हात अंतरावर उभ्या राहून त्यांच्याकडे बघतायत. तिथल्या तिथे त्याने सांगितलं, खलास टँकर, आजपासून तू इथं.

"मला म्हनला, तुज्यात काय हाय? मी म्हनलं, माज्यात काय नाय. म्हनून तर येत्यात," मामा सांगायचे.

सुरुवातीला ते त्यांना सांबरं म्हणत. मी म्हटलं, मामा, सांबर वेगळं, हे त्याच्या चुलत घराण्यातलं. इंग्रजीत ह्याला लाल हरीण म्हणतात.

"लाल कुठं हाय? नीट बगा की. लाल म्हंजे कुंकू. ह्यो रंग इटंचा हाय. भाजलेल्या इटंचा. आन थंडीत तर त्यो बी न्हाई ऱ्हात."

ते खरं होतं. उन्हाळ्यात हरणं विटेसारखी आणि चकचकीत दिसायची. नोव्हेंबरपासून अंगावर करडी, राखी, जाड लोकर चढायची आणि नराच्या मानेला आयाळ फुटायची. मागच्या बाजूला शेपटीभोवती मात्र बारा महिने एक फिकट, साईच्या रंगाचा डाग. मामा त्या डागांवरून त्यांना ओळखायचे. मोजायचे नाहीत. "पोरं काय मोजायची असत्यात का? एक कमी असली की आपसूक कळतंय." नावंही धड नव्हती. थोरली मादी, जिच्या मागून बाकीच्या चालायच्या, ती आक्की. बाकीच्या धाकली, मधली, लंगडी, काळजीवाली अशा. आणि नर म्हणजे पाव्हणा.

"पाव्हणा का?"

"इलायतेतनं आलाय. लई दिस ऱ्हायला तरी पाव्हणाच. आपण बी तसंच की सायेब."

मामांचं खाणं त्यांच्या खाण्याला बांधलेलं होतं. कुठलाही चारा ते आधी स्वतः चाखत. लसूणघासाची काडी चावत, गोळीपेंड दाताखाली फोडत, आणि मिठाचा दगड नवा आणला की त्याला जीभ लावून बघत. पेंडीचा पुरवठादार हे पाहून हसायचा. एकदा मामांनी गोणी चाखून परत पाठवली. म्हणाले, ओल लागलीया. पुरवठादाराने रागाने गोणी फोडून दाखवली, आणि खालच्या थरात बुरशी निघाली. त्यानंतर तो हसायचा नाही. तोच गोणी उघडून मामांपुढे धरायचा.

गवत एवढं ह्या हरणांना पुरत नाही, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. त्यांना पाला लागतो, कोवळ्या साली लागतात. मझऱ्याच्या कडेला बोरीची झाडं होती, त्यांच्या फांद्या मामा रोज सकाळी छाटून आणत. माद्या मागच्या पायांवर उभ्या राहून उंचावरचा पाला ओढायच्या, तेव्हा मामा मला हाक मारायचे. मी शिडीवर असलो तरी. "सायेब, बगा, बगा. बायका कपड्यांची दोरी गाठत्यात तशा." खजूर मात्र मोजून द्यायचे, एकेकीला दोन. अरबाबने पेटीभर पाठवले तरी दोनच. "गोडाची सवय लागली की मानूस बी परत जात न्हाई." हे माझ्याकडे बघून. मी बायको-मुलीसह फ्लॅटमध्ये राहायचो, याबद्दल ते एरवी काही बोलले नाहीत. बोलले ते एवढंच.

मार्चच्या सुमाराला पाव्हण्याची शिंगं गळून पडायची. दोन्ही, दोनेक दिवसांच्या अंतराने. अरबाबच्या माणसाला ती मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर हवी असायची. मामा एकच द्यायचे. दुसरं कुंपणात तसंच पडू द्यायचे, कारण माद्या ते कुरतडत. "त्येंच्यात हाडाची ताकद हाय. प्वाट वाढल्यावर तिला लागती ती. भिंतीला काय लागतंय?" मग नवी शिंगं फुटायची. मखमलीसारखी, लव असलेली, हात लावला तर गरम. त्या महिन्यांत पाव्हणा शिंगं जपून चालायचा, आणि धाकली आडवी आली तर पुढच्या पायांनी मारायचा, डोकं वापरायचा नाही. ऑगस्टमध्ये ती मखमल फाटून रक्ताळलेल्या चिंध्या लोंबायला लागल्या, तेव्हा पहिल्या वर्षी मी घाबरून डॉक्टरला फोन लावत होतो. मामांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "कात टाकतोय त्यो. ऱ्हाऊ द्या."

खरं वेड ऑक्टोबरात यायचं. पाव्हणा ओरडायला लागायचा. त्या आवाजाला मराठीत शब्द नाही. डरकाळी म्हणावी तर शेवटी त्यात खोकल्यासारखं काहीतरी येतं. उंटांना आयुष्यभर ऐकलेली माणसंसुद्धा मझऱ्याच्या दुसऱ्या टोकाला दचकायची. तो चिखलात लोळायचा, स्वतःवरच मुतायचा, माद्यांना एका कोपऱ्यात गोळा करून त्यांच्याभोवती फेऱ्या मारायचा आणि खायचा जवळपास काही नाही. मामा पाइपने त्याच्यासाठी खास खड्ड्यात चिखल करून द्यायचे, आणि स्वतः संध्याकाळचं जेवण सोडायचे.

"उपास कसला, मामा?"

"पाव्हणा जेवंना. मला गिळत न्हाई."

त्या दिवसांत नराकडे पाठ करायची नाही, हा त्यांचा नियम. कुंपणातून ते उलटं चालत बाहेर यायचे. तीन-चार आठवड्यांत ते इतकं अंगवळणी पडायचं की माझ्या प्लँटच्या, म्हणजे कूलिंगच्या यंत्रांच्या खोलीतूनही ते उलटेच बाहेर पडायचे, बोलत बोलत. एकदा मागच्या कूलरवर आपटले. मी हसलो तर म्हणाले, "हसा. तुमी कुनाला पाठ दावताय त्ये तुमाला ठावं नसतंय."

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिला एकदा घेऊन गेलो, नेमकं ऑक्टोबरातच. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. पाव्हणा ओरडला तशी ती माझ्यामागे लपली. "व्हाय इज ही सो अँग्री?" मामांना 'अँग्री' कळलं. म्हणाले, "राग न्हाई पोरी, वय हाय त्येचं." मग तिला कुंपणापासून लांब बसवून तासभर तिच्याशी बोलत होते. ती इंग्रजीत, ते त्यांच्या बोलीत, आणि दोघांचं कुठेही अडत नव्हतं. घरी येताना तिने मला हरणांबद्दल जे सांगितलं, त्यातलं बरंच मला माहीत नव्हतं. तिने हेही सांगितलं की पाडस जन्मलं की आई त्याला लपवते आणि स्वतः लांब निघून जाते.

हे मामांनी मलाही अनेकदा सांगितलं होतं. मे-जूनमध्ये मादी कळपातून बाजूला होते, गवतात किंवा झुडपाखाली विते, पाडसाला चाटून कोरडं करते आणि तिथेच निजवून चरायला जाते. दिवसातून दोन-तीनदा येऊन पाजते. पाडसाच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. कुणी जवळ आलं तर ते पळत नाही, मान जमिनीला लावून, कान पाडून मेल्यासारखं पडून राहतं. पहिले काही दिवस ते जागा सोडत नाही, आणि आई जिथे ठेवलं तिथेच शोधते.

"आई जवळ असली तर सगळ्यांस्नी कळंल पोर कुठं हाय. म्हनून लांब ऱ्हायचं. ही तिची राखन." मामा सांगायचे. एकदा पुढे म्हणाले, "आमची बी तशीच वाढली. मी हितं, पोरं तकडं." त्यांना दोन मुलगे. सव्वीस वर्षांत ते त्यांच्याजवळ सगळे मिळून किती राहिले असतील, हे मी विचारलं नाही.

आता तो दिवस.

जून होता. उन्हाचं काय सांगणार. आदल्या आठवड्यात मामांनी पाण्याचा पत्र्याचा हौद हलवला होता. जुन्या जागी सकाळी दहालाच ऊन यायला लागलं होतं, पाणी तापायचं. म्हणून त्यांनी तो पश्चिमेच्या भिंतीकडे नेला. पाइप मीच वाढवून दिला. म्हटलंही, मामा, हे डोकं लावलंत. ते खूश झाले होते.

आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सायेब, उद्या मी न्हाई. बताक्याचं बोलावलंय, बोटांचं ठसं द्यायला. तिसरी खेप हाय, मशिनला माझी बोटं दिसतच न्हाईत. आक्की व्यायला झालीया. फवाऱ्याचं काय असंल तर भायेरनं करा. कुंपनाच्या आत पाय नगं."

"हो, हो," मी म्हटलं.

सकाळी आठला पोचलो. फवाऱ्याच्या लाइनला दाब नव्हता, आणि तिचा व्हॉल्व्ह कुंपणाच्या आत. पाच मिनिटांचं काम. माद्या लांब हौदाशी होत्या. बाकीची माणसं उंटांकडे. मी आत गेलो, व्हॉल्व्ह साफ केला, आणि परत येताना कडेच्या झुडपांपैकी एकाखाली ते दिसलं.

मान लांब पसरलेली. कान चपटे. डोळा उघडा. मी टाळी वाजवली, ते हललं नाही. वर बेचाळीस अंश असतील. आसपास आई नाही. मामांचं सगळं मला पाठ होतं, पण ते समोर पाहिल्यावर मला त्यातलं काहीही आठवलं नाही. आठवला तो एसी. वीस वर्षं लोक मला एकाच कामासाठी बोलावतात. गरम होतंय, या. मला दुसरा इलाजच सुचत नाही.

मी ते उचललं. आठेक किलो असेल. छातीशी धरलं तर त्याचं काळीज माझ्या हाताला लागत होतं. प्लँटच्या खोलीत एसी होता, तिथं नेऊन लादीवर ठेवलं. बोटाने तोंडात पाणी सोडलं. आणि लपवत नाही, मला फार छान वाटत होतं. मी त्याचा फोटो काढला. मुलीला दाखवायचा होता. मामा आले की त्यांना सांगायचं होतं, तुमच्या आक्कीचं पोर मी वाचवलं.

तासाभराने ते थरथरायला लागलं. मग ओरडलं, बारीक, एकदाच. बाहेरून आक्कीचा घोगरा, दबका आवाज आला. तेव्हा मला कळलं मी काय केलंय.

मी ते घेऊन पळत गेलो. झुडपं अकरा होती, एकाच दिवशी लावलेली, एकाच कात्रीने कापलेली. कुठल्याखालून उचललं होतं ते मला सांगता येईना. ज्याखाली चांगली सावली होती त्याखाली ठेवलं. मला पाहून आक्की पलीकडे पळाली. ती परत येईपर्यंत थांबायला हवं होतं. अकरा वाजता अल वक्र्याला दुसरं काम होतं. थोडा वेळ गाडीत बसून पाहिलं, ती येईना, आणि मी निघालो. सकाळी नऊची सावली बाराला कुठे असते, हे कूलिंगच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तो हिशेब मी केला नाही.

संध्याकाळी मामांचा फोन.

"सायेब, आक्कीचं पाडस गेलं. उनात पडलं हुतं."

मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो.

"ती एका जागी हुबी हाय. पाचव्या झुडपाला. हुंगतीय, हाका मारतीय. आन पाडस मला घावलं नवव्या झुडपाला. एवढं लांब कसं गेलं? तुमी आला हुतासा न्हवं सकाळी? काय आवाज बिवाज?"

"मी आत गेलोच नाही, मामा. बाहेरूनच बघितलं."

"त्ये ठावं हाय मला. तुमी सांगितल्यालं ऐकता. म्हनून तर इचारलं." मग म्हणाले, "माझंच चुकलं. मी हौद हलीवला. तिला पान्याला लांब जावं लागलं, पोर मागं उठून गेलं आसंल. आठ दिस थांबलो असतो तर काय बिगडलं आसतं?"

मी म्हटलं, "नाही मामा, तसं नसेल." माझं सगळं सत्य तेवढ्यात आटोपलं. रात्री जेवायच्या आधी मी फोनमधला फोटो काढून टाकला.

आक्की तीन दिवस पाचव्या झुडपाशी उभी राहिली. मामा कुंपणाबाहेर छत्री घेऊन तिच्यासोबत उभे राहायचे. अरबाबला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, गलती मेरी. अरबाब भला माणूस. म्हणाला, अल्लाने दिलं, अल्लाने नेलं, तू जेव. प्रकरण तिथेच मिटलं. कुणी शिक्षा केली नाही, कुणी रागावलं नाही. मिटलं नाही ते फक्त मामांच्या बाजूने.

पुढच्या शनिवारी गेलो तर हौद जुन्या जागी, उन्हात. म्हटलं, "मामा, पाणी तापेल. तिकडेच बरा होता."

"न्हाई. मला वाटलं म्हनून मी केलं हुतं. आता मला वाटतंय म्हनून काय करायचं न्हाई."

त्यानंतर ते मला विचारायला लागले. आधी कधी विचारलं नव्हतं. सायेब, नवी पेंड देऊ का. सायेब, बोरी आता छाटू का थांबू. ऑक्टोबरात, पाव्हण्याला चिखल करू का. मी एसीवाला, मला काय कळतंय? पण मी उत्तरं द्यायचो. फोन उचलून, नीट विचार केल्याचं सोंग करून. चारा चाखणंही त्यांनी सोडलं. गोणी पुढे धरली की म्हणायचे, तुमी बगा. माद्या मात्र पूर्वीसारख्याच त्यांच्याकडे यायच्या. ते बाजूला व्हायचे.

जानेवारीत त्यांनी कायमचं जायचं ठरवलं. विमानतळावर मी सोडायला गेलो. शहानियाहून पाऊण तासाचा रस्ता. मी ठरवलं होतं, गाडीत सांगायचं. मामा पुढे बसून नव्या माणसाला काय काय सांगून आलोय ते मला सांगत होते. मिठाचा दगड कुठे टांगायचा, लंगडीला कसं वेगळं वाढायचं. मग आपणहून म्हणाले, "पोरगा म्हनतोय म्हस घेऊ. मी न्हाई म्हनलोय."

"का?"

"नगं. माझ्या हातात जनावर नगं आता."

एक सिग्नल लागला. मग दुसरा. प्रत्येक सिग्नलला वाटायचं, आता. मग हिरवा व्हायचा, मागचा हॉर्न द्यायचा आणि मला बरं वाटायचं. आत जाताना ते म्हणाले, "पोरीला सांगा, मामानं इचारलं म्हनून." मी म्हटलं, सांगतो.

का सांगितलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. नोकरीची भीती होती म्हणावं, तर अरबाबने त्यांना काही केलं नाही, मला काय करणार होता? "तुमी सांगितल्यालं ऐकता," हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत होतं. माझ्याबद्दल इतकं चांगलं मत फारशा लोकांचं नाही. ते मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी मी त्यांचं स्वतःबद्दलचं मत जाऊ दिलं.

कधी मनात येतं, त्यांना कळलंच असेल. जनावरांचं एवढं कळणाऱ्या माणसाला माझा आवाज कळला नसेल? पण हे मला सोयीचं आहे म्हणून मनात येतं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी हौद परत उन्हात नेला नसता.

मामा गेल्यावर नव्या माणसाला मी हौद पश्चिमेच्या भिंतीकडे न्यायला लावला. तेव्हापासून तो तिथंच आहे. दरवर्षी जूनमध्ये दोन-तीन पाडसं होतात, त्यांत आजवर दोन आक्कीची. आजवर एकही दगावलं नाही. सणासुदीला मी फोन करतो तेव्हा ते विचारतात, कळप कसा हाय. मी सांगतो, छान आहे, वाढलाय. हौद कुठे आहे हे सांगत नाही. ते सांगितलं की पुढचं सांगावं लागेल.

गेल्या महिन्यात त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. "काका, तुम्ही जरा बोला ना त्यांच्याशी. शेळ्या घेतल्यात, चांगलं शेड बांधलंय. पण आत पाऊल टाकत नाहीत. करडं झाली की घराबाहेर जाऊन बसतात. येईल त्याला सांगत बसतात, माझ्या हातनं एक जीव गेलाय. लोक हसतात आता. तुमचं ऐकतील ते. नेहमी सांगतात, साहेब म्हणजे शब्दाचा माणूस."

मी म्हटलं, "बघतो."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, मामांचा मुलगा. ती म्हणाली, किती चांगली माणसं आहेत ती. मी हो म्हटलं.

जुलैत सुट्टी आहे. साताऱ्याहून त्यांच्या गावाला एसटी जाते, दोन तास लागतात. हे फोनवर सांगायचं नाही, एवढं तरी मी स्वतःला बजावलंय, कारण फोनवर मी एकदा खोटं बोललोय. मी त्यांचं देणं लागतो ते हे: त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या मुलाच्या देखत, त्या सकाळी मी काय केलं ते सगळं सांगायचं. आणि त्यांनी हौद हलवला ते बरोबर होतं, हे सांगायचं. सहा वर्षांत मी यातलं काहीही दिलेलं नाही.